मलिदा : नवस फेडण्याचं ताट

(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, 'मलिदा' म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा ठेकेदार आठवतात. 'मलिदा लाटला' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांनी इतका वापरलाय की मूळ पदार्थ मागेच पडला. दर्ग्यावर चढवतात तो चपातीच्या चुऱ्याचा, तूप-गुळाचा मलिदा काहींना ठाऊक असेल. आज बोलायचंय ते तिसऱ्याच मलिद्याबद्दल. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडातल्या, बेने इस्राएल घरांमध्ये पोह्यांचा मलिदा करून देवाचे आभार मानतात. मराठी बोलणारा हा ज्यू समाज आधी गावांतून मुंबईला गेला, मग मुंबईतून इस्रायलला. सामान दोनदा बांधलं गेलं आणि दोन्ही वेळा हे ताट बरोबर गेलं. ते कसं टिकलं, हे ताटातच दिसतं.

आधी नवसाचं बघू. घरात अडचण आली की नवस एलियाहू हन्नाबीच्या नावाने बोलायचा. एलियाहू हा प्रेषित, जो अग्निरथातून सदेह स्वर्गात गेला. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर रथाच्या चाकाच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात. त्या जागेला 'एलियाहू हन्नाबीचा टप्पा' म्हणतात. एलियाहू इथूनच वर गेला, तोही तू बिश्वातला, म्हणजे शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी, अशी समाजाची श्रद्धा आहे. आपल्या कॅलेंडरात ही तिथी जानेवारी-फेब्रुवारीत येते. एक बारकावा मात्र सांगायलाच हवा, कारण बाहेरचे लोक इथे हमखास चुकतात. मलिदा एलियाहूला अर्पण करत नाहीत. आभार फक्त देवाचे. एलियाहू हा निरोप पोचवणारा, साक्षीदार. ताटापुढे मूर्ती नाही, तसबिरीची पूजा नाही, नैवेद्य दाखवणं नाही.

ज्यू धर्मात आभार मानणं ऐच्छिक नाही, ते देणं आहे. चार जणांनी ते फेडलंच पाहिजे असा दंडक आहे : समुद्र पार करून आलेला, वाळवंट ओलांडलेला, आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला. या चौघांनी दहा प्रौढ पुरुषांच्या उपस्थितीत 'बिरकात हागोमेल' ही प्रार्थना म्हणायची, शक्यतो तीन दिवसांच्या आत. आता बेने इस्राएलांचा इतिहास या चौघांशेजारी ठेवून बघा. परंपरा सांगते की पूर्वजांचं गलबत नौगावजवळ फुटलं आणि सात जोडपी किनाऱ्याला लागली. ग्रंथ बुडाले, हिब्रू विसरली, उरली ती 'शेमा यिस्राएल' ही एक प्रार्थना, सुंता, शनिवारची विश्रांती आणि खवले-पर नसलेला मासा न खाण्याचा नियम. ही माणसं तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. आडनावं गावांवरून पडली : पेणकर, रोहेकर, दिवेकर, नौगावकर, अष्टमकर, झिराडकर.

कैदेतून सुटलेल्याचं उदाहरण तर मुंबईत उभंच आहे. सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे कंपनीच्या फौजेतले अधिकारी. टिपूच्या लढाईत ते कैद झाले, आणि सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन असा त्यांनी नवस केला, असं सांगतात. १७९६ मध्ये मांडवी भागात 'शाआर हाराहामीम', म्हणजे दयेचं द्वार, उभं राहिलं. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग. समाज सिनेगॉगला 'मशीद'च म्हणत आला. मशीद बंदर स्टेशनचं नाव याच मशिदीवरून पडलं असं बरेच जण मानतात.

पण वास्तू बांधून नवस फेडणं किती जणांना परवडणार? बाकीच्यांसाठी ताट.

पंचवीस माणसांना एक किलो जाडे पोहे पुरतात. दोन मोठे नारळ, साडेतीनशे ते चारशे ग्रॅम साखर, आठ-दहा वेलदोडे, अर्धं जायफळ, शंभरेक ग्रॅम बेदाणे-बदाम-पिस्ते. काही घरं साखरेऐवजी गूळ घालतात. पोहे पातळ घेऊ नका, भिजले की त्यांचा लगदा होतो. जाडे पोहे रोवळीत घेऊन पाण्याखाली अर्धा मिनिट धुवायचे, निथळायचे आणि दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायचे. दाणा दोन बोटांत दाबला तर चेपला पाहिजे, पण बोटाला चिकटता कामा नये. कडक राहिला तर नुसता पाण्याचा हबका मारायचा, परत धुवायचा नाही. साखर शेवटच्या अर्ध्या तासात. दोन तास आधी मिसळली तर नारळाला पाणी सुटतं, ते तळाशी जमतं. मग परातीत खाली चिखल आणि वर कोरडे पोहे. दूध-तूप यात अजिबात नाही, आणि त्याला चवीचं कारण नाही. मागून मटणाचं जेवण असतं, आणि मांसाबरोबर दुधाचं काही चालत नाही. कोकणाने इथे समाजाची मोठीच सोय केली. नारळ दुधाच्या जागी उभा राहिला, मलिद्यातही आणि सागुतीतही.

परातीत मलिद्याची रास, भोवती फळं, पाच किंवा सात प्रकारची. खजूर हवाच. शिवाय गुलाब किंवा सब्ज्याची डहाळी, वासासाठी. काही घरांत तळलेली कलेजी-पेटाही ठेवतात. खजूर उकलून आत कीड नाही ना ते बघून ठेवतात, कारण कीड खाणं निषिद्ध. फळं आधी चिरत नाहीत. हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, 'एलियाहू हन्नाबी'चं गीत सुरू करतो, सगळे साथ देतात, मग 'वेयित्तेन लेखा' हे आशीर्वादाचे श्लोक. त्यानंतर एकेका वस्तूवर वेगळी बेराखा, म्हणजे देवाला धन्य म्हणणारं आशीर्वचन : झाडाच्या फळावर एक, जमिनीच्या फळावर दुसरी, सुवासावर तिसरी.

गोंधळ होतो तो केळ्यापाशी. केळीचं खोड दरवर्षी नवं येतं, म्हणून धर्मशास्त्राच्या हिशेबाने ती झाड नव्हे आणि केळं जमिनीच्या फळांत जातं. ताटात ते सफरचंदाशेजारी ऐटीत बसलेलं असतं आणि घाईत त्यावर झाडाची बेराखा म्हटली जाते. ती लागू पडत नाही. उलट चूक मात्र माफ आहे : खजुरावर जमिनीची बेराखा म्हटली तरी चालते, कारण झाडही शेवटी जमिनीतूनच उगवतं. मिश्ना या ज्यू धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथाचा हा निर्णय मला फार आवडतो.

शनिवारी रात्री मलिदा असेल तर आणखी एक पेच. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीत, खोवणं, वाटणं, शिजवणं बंद. तारे दिसेपर्यंत विळीला हात लावायचा नाही. मग नारळ शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच खोवून फ्रिजमध्ये ठेवायचा, किंवा पाहुण्यांना साडेनऊ सांगायचे. उन्हाळ्यात इस्रायलमध्ये शब्बाथ आठनंतर सुटतो, तेव्हा तिथे पहिलाच मार्ग बरा.

इस्रायलचा विषय निघालाच. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात बेने इस्राएलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. रेल्वे, पोस्ट, कस्टम, शाळा, लष्कर अशा नोकऱ्या करणारी माणसं. १९४८ नंतर ती जायला लागली आणि बरीच कुटुंबं बीरशेबा, दिमोना, येरुहाम अशा नेगेव वाळवंटातल्या गावांत पोचली. समुद्र आणि वाळवंट, दोन्ही देणी एकाच प्रवासात. पण ज्या भूमीसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली तिथे स्वागत कसं झालं? नोकरी-घरांच्या तक्रारींवरून १९५१-५२ मध्ये काहींनी धरणं धरलं आणि भारतात परत पाठवा म्हणाले. काही परतलेही. त्यांतले बरेच पुढे पुन्हा गेले. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयाने आदेश काढला : बेने इस्राएलांशी लग्न लावायचं तर आई, आजी, पणजी अशी जमेल तितकी मागची वंशावळ तपासा. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला! १९६४ च्या उन्हाळ्यात समाज जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरला, ऑगस्टमध्ये संसदेने हा समाज सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहे असं जाहीर केलं, आणि आदेशातून 'बेने इस्राएल' हे नाव निघालं.

या सगळ्या काळात मलिदा थांबला नाही. याचं श्रेय मी श्रद्धेइतकंच सामानाला देतो. पोहे महिनोन्‌महिने टिकतात, ट्रंकेत मावतात. प्रार्थना पाठ असते. वेदी लागत नाही, ठरावीक जागा लागत नाही, दिमोनातल्या दोन खोल्यांच्या घरातही परात मांडता येते. खंडाळ्याचा खडक नेता आला नाही, तर हैफातल्या एलियाहूच्या गुहेत नवस फेडायला लोक जाऊ लागले. ओल्या नारळाऐवजी सुका कीस वापरायचा तर तो कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून पिळून घ्यावा. तसाच घातला तर तो पोह्यांतलं पाणी ओढतो आणि घास घशात अडकतो.

अडचण उलट बाजूला आहे. रायगडात आता पोहे, नारळ, हजान यांपेक्षा दहा पुरुष जमवणं अवघड. अलिबागची मागेन आबोथ, रेवदंडा आणि पनवेलची बेथ एल, ही सिनेगॉगं उभी आहेत, पण सामुदायिक प्रार्थनेला मुंबई-ठाण्याहून माणसं आणावी लागतात. म्हणून मलिद्याची तारीख आता पंचांगापेक्षा सुट्टी आणि गाड्या बघून ठरते. यात मला कमीपणा वाटत नाही. नवस फेडायला उशीर झाला तरी चालतो, विसरला तर नाही.

वाटपाचं तेवढं सांगतो. बेराखा झाल्यावर प्रत्येकाला मूठभर मलिदा आणि प्रत्येक फळाची एक फोड. न आलेल्यांचे डबे बाजूला काढायचे, शेजाऱ्यांचेही, ते कुठल्या का धर्माचे असेनात. हे त्याच दिवशी उरकायचं. ओला नारळ उकाड्यात रात्रीपर्यंत आंबतो, आणि फ्रिजमध्ये ठेवलात तर पोहे सकाळी वातड होतात.