भुवया, धावदोरा आणि बांबूच्या काड्या

एदो, म्हणजे आजचं टोकियो. साल १७९५ च्या आसपास. चित्रकार कितागावा उतामारोने लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रात, तीन कागदांवर मिळून, घरातलं शिवणकाम दाखवलंय. एकीने झिरझिरीत कापड उजेडात वर धरलंय. त्यातून पलीकडचं दिसतं.

यातली गृहिणी ओळखायची तर आधी भुवया बघा. लग्न झालेल्या बाईचे दात काळे, आणि मूल झाल्यावर बहुधा भुवयाही काढलेल्या. दातांचं काळं घरीच व्हायचं: लोखंड मुरवलेलं आंबट पाणी आणि झाडावरच्या गाठींची तुरट पूड. ते टिकत नसे, दर थोड्या दिवसांनी पुन्हा लावावं लागे. लांब लोंबत्या बाह्या दिसल्या, तर ती बहुतेक बिनलग्नाची मुलगी.

आता शिवण. किमोनोचं, म्हणजे जपानी अंगरख्याचं, कापड जेमतेम ३६ सेंटिमीटर पन्ह्याचं. त्याच्या सरळ पट्ट्या जोडायच्या, गोलाई कापायची नाही. चांगला किमोनो धुवायचा म्हणजे आधी उसवायचा! धावदोरा म्हणूनच फार घट्ट घालत नसत. सुट्या पट्ट्या धुऊन त्यांना समुद्रशेवाळाची खळ द्यायची आणि ओल्या पट्ट्या लाकडी फळीवर चापून बसवायच्या. रेशीम असेल तर दोन्ही टोकांना टोचणी असलेल्या बांबूच्या काड्या वाकवून काठाकाठांत अडकवायच्या, म्हणजे कापड आटत नाही. काडी तिरकी लागली की आडवा धागा सरकतो, मग शिवताना पट्ट्या जुळत नाहीत. खळ जास्त झाली तर कापड कडक होतं. विरलेला भाग पुन्हा शिवताना आत दडवायचा, हे कसब वेगळंच.

चित्रातलं ते झिरझिरीत कापड कागदावर छापणंही नाजूक काम. प्रत्येक रंगाला चेरीच्या लाकडाचा वेगळा ठसा. कागद बसवायला त्यावर दोन खुणा, एक कोपऱ्यात काटकोनी, दुसरी सरळ. कागद दमट लागतो. मध्येच वाळला तर आकसतो आणि रंग रेषेबाहेर जातो. रंग दाट पडला तर कापडामागच्या रेषा बुडतात.

बोटं मात्र सगळ्यांची नितळ; पाण्याने भेगाळलेला हात उतामारो दाखवत नाही. गिऱ्हाईक सौंदर्याचं होतं. पुढे १८०३ च्या सुमारास एका चित्रात त्याने ठसे कोरणाऱ्या कारागिरांच्या जागीही बायकाच बसवल्या. प्रत्यक्षात कारखान्यात ते काम पुरुष करत. तेव्हा कामाला कोण बसलंय, यावर फार विसंबू नका. हत्यारं मात्र बारकाईने बघा.