स्वतःच्या नावाने: कर्टिस मेफील्ड यांचा १९७०चा अल्बम

तबकडीवर सुई टेकते, पण गाणे लगेच सुरू होत नाही. बास गिटारचा खरखरीत, फझ लावलेला सूर घुमत राहतो, त्यावर एक स्त्री बायबलमधल्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाविषयी कळवळून बोलत असते, आणि मग प्रतिध्वनीत बुडालेली एका पुरुषाची हाक येते. काळे, गोरे, ज्यू अशा सगळ्यांना तो रस्त्यावरच्या शिवराळ नावांनी पुकारतो आणि सांगतो की काळजी करू नका, खाली नरक असेलच, तर आपण सगळे तिथेच जाणार आहोत. सप्टेंबर १९७०मध्ये आलेल्या ‘कर्टिस’ या अल्बमची ही सुरुवात आहे. अमेरिकन सोल गायक-गीतकार कर्टिस मेफील्ड त्या वेळी २८ वर्षांचे होते आणि एकट्याच्या नावावरचा हा त्यांचा पहिलाच अल्बम होता.

ज्यांनी त्यांना आधी ऐकले होते, त्यांना हा आवाज ओळखू येणे अवघड गेले असेल. शिकागोत जन्मलेल्या, कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत वाढलेल्या मेफील्ड यांचे गाणे आजीच्या चर्चमध्ये सुरू झाले. तिथलेच सोबती जेरी बटलर यांच्याबरोबर ते ‘द इम्प्रेशन्स’ या गायकमंडळीत आले, बटलर बाहेर पडल्यावर मंडळीचा सूर आणि शब्द दोन्ही त्यांच्याकडे आले, आणि १९६४ व १९६५मध्ये ‘कीप ऑन पुशिंग’ आणि ‘पीपल गेट रेडी’ ही त्यांची गाणी नागरी हक्कांच्या मोर्चांतून म्हटली जाऊ लागली. त्या गाण्यांत धीर होता, श्रद्धा होती, आणि बोलणे नेहमी अदबीचे होते.

पुढे अदब कमी होत गेली. ‘वुई आर अ विनर’ हे गाणे कृष्णवर्णीयांचा अभिमान इतक्या उघडपणे बोलते, की काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायचे टाळले. तरीही १९६८मध्ये रिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीताच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच साली मेफील्ड यांनी आपले सहकारी एडी थॉमस यांच्यासोबत ‘कर्टॉम’ ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. आपल्या गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क त्यांनी त्याआधीच स्वतःकडे ठेवले होते. ‘कर्टिस’चे निर्माते तेच, गीतकार तेच आणि कंपनीही त्यांचीच. पहिल्या गाण्यात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे नाव घेऊन टोमणा मारता आला, आणि तेच गाणे जवळपास आठ मिनिटे चालू देता आले, याचे बरेचसे कारण या मालकीत आहे असे म्हणावे लागते.

मात्र या अल्बमचे खरे नवल त्याच्या रागात नाही, तो राग ज्या गळ्यातून येतो त्या गळ्यात आहे. मेफील्ड ओरडत नाहीत. नेहमीच्या आवाजाच्या वरचा पातळ, हवेशीर फॉल्सेटो ते जवळजवळ कुजबुजल्यासारखा लावतात. त्यांच्या गिटारीचीही तीच तऱ्हा. ती ते कोणाकडे शिकले नव्हते. पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर आधी बोटे बसली होती, म्हणून गिटारच्या सहाही तारा त्यांनी त्या पट्ट्यांवरच जुळवल्या. आपल्याकडच्या रीतीने बोलायचे तर काळी तीनचा षड्ज, आणि बाकीच्या तारांवर त्याच षड्जाचे गंधार, पंचम. त्यामुळे मोकळ्या तारा छेडल्या तरी पूर्ण स्वरमेळ वाजतो.

पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे, ‘वुई द पीपल हू आर डार्कर दॅन ब्लू’, हा माझ्या मते अल्बमचा गाभा आहे. बाहेरच्यांवर बोट दाखवणे सोपे होते. इथे मेफील्ड आपल्याच माणसांना विचारतात की लोक आपल्याविषयी जे बोलतात, ते आपण नुसते उभे राहून खरे होऊ देणार आहोत का. उजळ कांतीच्या मुलीला ते हळुवारपणे सुनावतात, की तू आपल्या खोल, काळ्या विहिरीचा केवळ पृष्ठभाग आहेस. गाणे विलंबित चालीत सुरू होते, मध्येच ताल उसळतो, कोंगा (हातांनी वाजवायचे उंच ढोल) आणि इतर तालवाद्ये सगळी जागा व्यापतात, आणि पुन्हा लय खाली उतरते. त्याच्या आधीचे ‘द मेकिंग्ज ऑफ यू’ हे हार्प आणि व्हायोलिनांनी वेढलेले निखळ प्रेमगीत आहे. ही दोन गाणी शेजारी ठेवण्यात मेफील्ड यांना काही विसंगत वाटले नाही, आणि ऐकणाऱ्यालाही वाटत नाही.

दुसऱ्या बाजूवर ‘मिस ब्लॅक अमेरिका’ आहे. या नावाची सौंदर्यस्पर्धा १९६८मध्येच सुरू झाली होती, आणि गाण्याच्या आरंभी मोठेपणी काय व्हायचे आहे असे विचारल्यावर एक लहान मुलगी तेच नाव सांगते. उरलेली दोन गाणी त्या मानाने साधी आहेत.

अमेरिकेत हा अल्बम कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिला आला आणि सर्वसाधारण यादीत १९व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. सोल गायक मार्विन गे यांचा सामाजिक प्रश्नांवरचा गाजलेला अल्बम ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ येण्याला तेव्हा आठ महिने अवकाश होता.

दुसऱ्या बाजूची सुरुवात करणाऱ्या ‘मूव्ह ऑन अप’चे नशीब मात्र चमत्कारिक निघाले. आज मेफील्ड यांचे म्हणून जे गाणे सर्वांत आधी आठवते, ते तेव्हा अमेरिकेतल्या लोकप्रिय यादीत आलेच नाही. ब्रिटनमध्ये १९७१ साली ते १२व्या क्रमांकावर गेले, १९८२मध्ये ‘द जॅम’ या ब्रिटिश बँडने ते गायले, आणि २००५मध्ये रॅपर कान्ये वेस्ट यांनी त्याच्या पितळी वाद्यांचा तुकडा उचलून नवे गाणे बांधले. रेडिओसाठी कापलेल्या रूपात ते तीनेक मिनिटांत संपते. अल्बमवर ते साडेआठ मिनिटांहून अधिक चालते, आणि गायन थांबल्यानंतर ड्रम व कोंगा एकमेकांना जे उत्तर देत राहतात, ते फक्त तिथेच ऐकायला मिळते.