खोक्यावरची एफडीए कुठली? पित्तनलिकेतले खडे काढणाऱ्या बलूनची मंजुरी समजून घेऊ

नमस्कार. हे खोकं बघा. कोपऱ्यात ठळक छापलंय, 'एफडीए क्लिअर्ड'. आता कोल्हापुरात एफडीए म्हटलं की आठवतात औषध दुकानं तपासणारे, भेसळीचं दूध पकडणारे आपल्या अन्न व औषध प्रशासनाचे इन्स्पेक्टर. खोक्यावरची एफडीए ती नव्हे, ती अमेरिकेची. आणि नुसत्या तिच्या शिक्क्यावर हा बलून इथं विकता येत नाही.

आधी वस्तू काय आहे ते पाहू.

[टेबलावर कॅथेटर पूर्ण लांबीचा उलगडून]

ही साधारण 200 सेंटीमीटरची बारीक नळी. जाडी 5 ते 7 फ्रेंच. 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर, तेव्हा 7 फ्रेंच म्हणजे सव्वादोन मिलिमीटरच्या थोडं वर. आत बहुतेक वेळा तीन स्वतंत्र वाटा असतात: एक गाइडवायरची (वाट दाखवणारी बारीक तार), एक कॉन्ट्रास्टची (एक्स-रेवर दिसणारा द्रव), एक फुग्यात हवा भरायची. टोकाशी फुगा, आणि एक्स-रेवर दिसणाऱ्या खुणा. पित्ताशयातला खडा घसरून पित्तनलिकेत अडकला की कावीळ होते, थंडी-ताप येतो. मग ईआरसीपी नावाच्या प्रक्रियेत तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेतात, नलिकेचं तोंड कापून किंवा ताणून मोकळं करतात, वायरवरून हा कॅथेटर खड्याच्या वर चढवतात, फुगा फुगवतात आणि खाली ओढतात. खडा आतड्यात पडतो. हा फुगा खडा फोडत नाही आणि वाटही रुंद करत नाही. रुंद करणारा डायलेटेशन बलून वेगळा: तो कडक, त्यात द्रव दाबाने भरतात. दोघांची खोकी एकाच कपाटात असतात, म्हणून सांगितलं.

आता अमेरिकेतलं 'क्लिअरन्स' म्हणजे नेमकं काय? आपल्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात गिऱ्हाईक जुना पार्ट आणून देतं आणि म्हणतं, अस्साच करून द्या. तुम्ही माप, मटेरियल, हार्डनेस जुळवून दाखवता. या क्लिअरन्ससाठीच्या 510(के) नावाच्या अर्जाचा गाभा तोच. पित्तनलिकेचे कॅथेटर तिथं दुसऱ्या वर्गात, म्हणजे मध्यम जोखमीत मोडतात. कंपनी बाजारात कायदेशीर असलेला एक जुना बलून नमुना म्हणून दाखवते आणि आपला त्याच कामासाठी, तितकाच सुरक्षित आणि परिणामकारक आहे हे कागदावर मांडते. 'अप्रूव्हल' हा शब्द तिथं सर्वाधिक जोखमीच्या, तिसऱ्या वर्गातल्या उपकरणांच्या वेगळ्या वाटेसाठी राखलाय. त्यामुळे एजंट 'एफडीए अप्रूव्हड बलून' म्हणाला तर तो शब्द चुकतोय. नंबर मागा: इंग्रजी के अक्षर, पुढे 6 अंक, त्यातले पहिले 2 वर्षाचे. एफडीएच्या वेबसाइटवर तो टाकला की बलून कशासाठी क्लिअर झालाय ते उघड वाचता येतं.

ही 'कशासाठी'ची ओळ सगळ्यात महत्त्वाची. बहुधा दोन कामं लिहिलेली असतात: पित्तनलिकेतून खडे काढणं, आणि नलिका फुग्याने बंद करून कॉन्ट्रास्ट सोडणं. तेवढंच. स्वादुपिंडाच्या नलिकेचा उल्लेख नसेल, तर क्लिअरन्स तिथपर्यंत पोचत नाही.

अशा बलूनसाठी पुराव्याचा भर रुग्णांवरच्या चाचण्यांपेक्षा टेबलावरच्या चाचण्यांवर असतो. किती हवेला किती व्यास होतो, फुगा किती वेळा फुगवून-सोडून टिकतो, ओढताना सांधा कुठल्या जोराला सुटतो, दुर्बिणीच्या 4.2 मिलिमीटरच्या चॅनलमधून कॅथेटर सरकतो का. शिवाय मटेरियल शरीराला बाधत नाही ना, इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक केल्यावर तो वायू किती उरतो, एक्स्पायरीपर्यंत पाकीट सीलबंद राहतं का.

भारतात गाडी दुसऱ्या रुळावर. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स 2017, लागू 1 जानेवारी 2018 पासून. वर्ग ए, बी, सी, डी, जोखमीच्या चढत्या क्रमाने. आधी परवान्याच्या कक्षेबाहेर असलेल्या उपकरणांपैकी ए-बीला परवाना सक्तीचा झाला 1 ऑक्टोबर 2022 पासून, सी-डीला 1 ऑक्टोबर 2023 पासून. परदेशी बलून असेल तर वर्ग कुठलाही असो, परवाना दिल्लीच्या सीडीएससीओचा, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संघटनेचा: अर्ज एमडी-14, परवाना एमडी-15. देशी कारखाना ए किंवा बी वर्गातली वस्तू बनवत असेल तर परवाना राज्याचा, एमडी-5, म्हणजे इथं मात्र आपलीच एफडीए. सी-डी पुन्हा दिल्लीकडे. खरेदी विभागाने आयात मालाच्या लेबलावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि आयात परवाना क्रमांक पाहायचा. तो नसेल तर अमेरिकेचा शिक्का कितीही मोठा असो, माल परत.

आता बिघडतं कुठं.

[सिरिंज जोडून फुगा फुगवत]

फुगा नलिकेच्या रुंदीइतका हवा. लहान ठेवला तर खड्याशेजारून घसरून रिकामाच खाली येतो. जास्त फुगवला तर नलिका ताणली जाते. 9, 12, 15 मिलिमीटर अशा मापांना किती हवा लागते ते पाकिटावर छापलेलं असतं, सोबतच्या सिरिंजवर खुणा असतात. सोबतची सिरिंज हरवून दुसरी लावली की अंदाजपंचे सुरू. आणि हवाच भरा. या बारीक वाटेतून द्रव लवकर परत येत नाही, मग फुगा आत फुगलेलाच राहतो.

खडे तीन असतील तर सगळ्यात खालचा आधी. घाईत सगळ्यांच्या वर फुगा नेऊन ओढलं की ते नलिकेच्या तोंडाशी एकमेकांत अडकतात. ओढ नलिकेच्या रेषेत हवी, आडवी नको. नलिकेच्या तोंडातून बाहेर येताना थोडी हवा कमी करा. दीड सेंटीमीटरच्या वरचा खडा असेल तर बलूनशी झटापट करण्यात अर्थ नाही. आधी वाट मोठी करा नाहीतर खडा फोडा. टोकदार खड्यावर फुगा फाटतो, हे तर व्हायचंच, दुसरा हाताशी ठेवा.

कॉन्ट्रास्टची वाट आत घालण्याआधी भरून घ्या. नाहीतर हवेचे बुडबुडे एक्स-रेवर हुबेहूब खड्यांसारखे दिसतात आणि नसलेल्या खड्यामागे अर्धा तास जातो. अनेक फुगे लेटेक्सचे असतात, तेव्हा रुग्णाला रबराची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा.

आणि धुऊन परत वापरणं. पाकिटावर 2 आकड्यावर काट मारलेलं चिन्ह असतं, म्हणजे एकदाच. एवढ्या बारीक वाटेत शिरलेलं पित्त ब्रशने निघत नाही, आणि रसायनात बुडवलेल्या फुग्याच्या ताकदीचा एकही आकडा मंजुरीच्या फायलीत नसतो. बिल वाचतं हे खरं, पण मग त्या फुग्याला मंजुरी होती असं म्हणू नका.

फाटलेला फुगा बाहेर आला की आधी पसरून बघा, तुकडा आत राहिलाय का. लॉट नंबरचा स्टिकर केसपेपरवर चिकटवा, फुगा आणि पाकीट जपून ठेवा आणि मटेरिओव्हिजिलन्सचा, म्हणजे उपकरणांच्या बिघाडांची नोंद ठेवणाऱ्या कार्यक्रमाचा, फॉर्म भरा. हा कार्यक्रम देशात 2015 पासून आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे. फॉर्म डॉक्टरच भरतात असं नाही. टेक्निशियनही भरू शकतो. पाकीट कचऱ्यात गेलं तर लॉट नंबरचा रकाना कोरा राहतो, आणि मग त्याच लॉटचे बाकीचे बलून कुठल्या कपाटात आहेत ते शोधणार कसं?