दहा श्वासांना एक मणी

[स्क्रीनवर: तारेत ओवलेल्या मण्यांच्या दोन ओळी, बाजूला वाळूचं छोटं घड्याळ]

हे खेळणं नाहीये बरं का. डेटा म्हटलं की आपल्याला सर्व्हर, एक्सेल, डॅशबोर्ड असलं काहीतरी आठवतं, पण आज जी गोष्ट सांगतोय ती गडचिरोलीतली आहे, आणि तिथे डेटा गोळा करणारी बाई म्हणजे गावातली दाई, जिला कदाचित स्वतःची सहीसुद्धा येत नव्हती.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 मध्ये गडचिरोलीत आले, ‘सर्च’ नावाची संस्था काढली. दोघंही डॉक्टर, म्हणजे आल्या आल्या औषधं वाटायला लागतील असं वाटेल, आणि पेशंट तपासणं चालूच होतं, पण त्यासोबत त्यांनी एक फार कंटाळवाणं काम हातात घेतलं, मोजणी. गावोगावी किती बाळं जन्मली, किती गेली, कशाने गेली. कारण जन्मून दोन दिवसांत गेलेलं बाळ बऱ्याचदा कुठल्याच रजिस्टरमध्ये नसायचं, ना जन्माच्या ना मृत्यूच्या. कागदावर ते आलंच नाही आणि गेलंही नाही! मोजल्यावर आकडा निघाला, हजार जन्मांमागे 121 बालमृत्यू. म्हणजे साधारण दर आठ बाळांमागे एक, पहिला वाढदिवस यायच्या आत.

बरं, आकडा आला, पुढे काय? कशाने जातात ते बघितलं तर न्युमोनिया हे मोठं कारण. औषध होतं, स्वस्त होतं, कोट्रायमोक्साझोल. अडचण वेगळीच होती. खोकला तर सगळ्याच पोरांना होतो, त्यातल्या कुणाला न्युमोनिया आहे हे जंगलातल्या गावात, एक्स-रे नाही, डॉक्टर नाही, अशा ठिकाणी ओळखायचं कसं? त्याचं उत्तर तोपर्यंत पापुआ न्यू गिनीतल्या डॉक्टरांच्या अभ्यासातून आलं होतं, की बाळ एका मिनिटात किती श्वास घेतं ते मोजा, फुप्फुसं आजारी असली की श्वास वेगाने चालतो.

पण दाईला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नाही. मग?

[स्क्रीनवर: बोटाने सरकणारा मणी]

मग हे मणी. एका मिनिटाची वाळू सोडायची, बाळाची छाती-पोट बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, परत पहिल्यापासून दहा. प्रत्येक ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्युमोनिया, औषध सुरू. बस. आकडा लिहायचा नाही, बेरीज करायची नाही.

आता दोन ओळी का? मला विचाराल तर सगळी गंमत इथेच आहे. समजा मिनिटाला 54 श्वास मोजले. हा आकडा चांगला की वाईट? सांगताच येत नाही! दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर काही काळजी नाही, त्यांचा श्वास तसाही जोरातच चालतो, त्यांची हद्द 60, म्हणून त्यांच्या ओळीत सहा मणी. पण तेच बाळ आठ महिन्यांचं असेल तर हद्द 50, ओळ पाच मण्यांची, म्हणजे 54 ला औषध द्यायलाच पाहिजे. नुसता 54 म्हणजे डेटा, वय कळलं की त्याला अर्थ येतो. आणि त्यातही बाळ रडत असेल, दूध पीत असेल तेव्हा मोजलं तर सगळंच फुकट, त्यामुळे बाळ शांत व्हायची वाट बघत बसायचं, हे पण शिकवावं लागतं.

हे कामाला येतं का, हे तपासायला शंभरएक गावं दोन गटांत घेतली, एका गटात हे सगळं केलं, दुसऱ्यात नेहमीची सरकारी सेवा तेवढी चालू. नाहीतर मृत्यू कमी झाले ते औषधाने की त्या वर्षी साथच कमी होती, कोण सांगणार? उपचाराच्या गावांत न्युमोनियाने जाणारी मुलं दुसऱ्या गटाच्या निम्म्याहून कमी निघाली. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

पुढे 1995 पासून हीच पद्धत नवजात बाळांसाठी, 39 गावांत, आरोग्यदूत म्हणून तयार केलेल्या गावातल्याच बायका घरी जाऊन बाळ तपासायच्या, वजन करायच्या, ऊब द्यायच्या, जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनसुद्धा द्यायच्या. आणि त्यावरून गदारोळ झाला, कमी शिकलेली बाई इंजेक्शन देणार म्हणून, अपेक्षितच होतं ते. पण नवजात मृत्यूदर, म्हणजे पहिल्या महिन्यातच जाणारी बाळं, हजार जन्मांमागे 62 वरून तीन वर्षांत 25 च्या आसपास आला, आणि तो दाखवायला त्याच बायकांनी भरलेल्या नोंदी होत्या.

2011 मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बाळाच्या सेवेचा कार्यक्रम देशभर आणला. आज तुमच्या गावातली आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही, ते हेच. फॉर्म भरते, वजन लिहिते, आणि तो फॉर्म वर जातो. माझी तक्रार एवढीच आहे, की वर गेलेल्या आकड्यातून आशाताईकडे परत काय येतं? त्या दाईला लाल मणी तिथल्या तिथे सांगायचा, आत्ता औषध दे.