असला म्हणजे कसला?

(महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, थोडे संपादित)

नमस्कार मंडळी. चहा उकळलाय असा आतून निरोप आलाय, तेव्हा आटोपशीर बोलतो.

रविवारच्या वाचनगटात मागच्या महिन्यात आम्ही बालकवींची ‘औदुंबर’ घेतली. आठच ओळी. आमच्या पिढीला ती तोंडपाठ, त्यामुळे अर्थही ठाऊक आहे असं आम्ही धरूनच चाललो होतो. मी नेहमीप्रमाणे सुरू केलं: दत्ताचा औदुंबर, विरक्ती, कवीच्या मनातली उदासी. शाळेतलं रसग्रहण म्हणजे हेच, ‘कवीला असे म्हणायचे आहे की...’

तेवढ्यात इथेच जन्मलेली एक बारा वर्षांची मुलगी म्हणाली, “काका, असला म्हणजे कसला?”

शेवटची ओळ आठवा. ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.’ ती म्हणाली, “आई रागावली की म्हणते, असला कसला हट्ट! मग हे झाड हट्टी आहे का?”

मी गप्प. चाळीस वर्षं ती ओळ म्हणतोय, पण ‘असला’वर कधी अडखळलो नव्हतो. ‘एक औदुंबर’ म्हटलं असतं तर झाड दिसलं असतं. ‘असला’ म्हटल्यावर ते दाखवणारा माणूसही दिसतो. आता तो कौतुकानं दाखवतोय की हताश होऊन, हे मोठ्यानं वाचून बघा. दर वेळी वेगळं निघतं.

मग आम्ही मागे गेलो. झरा वाहतो. पायवाट अडवीतिडवी ‘चालली’, तीही काळ्या डोहाकडे. आणि अखेरीस हा एकटाच बसलेला. सुरुवातीला हिरवंच हिरवं, शेवटी काळिमा. पण तो काळिमा ‘गोड’ का? यावर अर्धा तास भांडण झालं. (मिटलेलं नाही.)

कुणीतरी लगेच कवीचं चरित्र काढलं. १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, वयाची २८ वर्षंही पुरी नव्हती. म्हणजे ही मृत्यूचीच कविता. असेलही. पण आधी आठ ओळी नीट बघू, अपघात नंतर आणू. नाहीतर आपण कविता न वाचता बातमी वाचतो.

लिहिण्यासाठी गटात एकच अट आहे: ‘अप्रतिम’ आणि ‘भावस्पर्शी’ बंद. जिथे अडलात, त्या शब्दापासून सुरुवात करा. त्या मुलीनं चारच वाक्यं लिहून आणली. तिसरं असं: “सगळे कुठेतरी जातायत आणि हे झाड म्हणतंय, मी नाही येत.” माझ्या जुन्या वहीतल्या दोन पानांत एवढं नव्हतं.

पुढच्या रविवारची कविता दाराशी ठेवलीय. एकेक प्रत उचला. मागची बाजू मुद्दाम कोरी सोडलीय. आणि हो, पेन्सिल आपापली आणा, मागच्या वेळी माझ्या चार गेल्या.