कमळकाकडीतली भोकं

नमस्कार श्रोतेहो.

कमळकाकडी कधी विळीवर चिरली आहेत का? उल्हासनगरसारख्या सिंधी वस्तीच्या बाजारात ती हमखास मिळते. चकती कापली की भोकंच भोकं, आणि त्यांत बसलेला चिखल धुता धुता जीव जातो. मी आज त्या भोकांची बाजू घेऊन बोलणार आहे.

पाण्यात राहणाऱ्या वनस्पतीला टंचाई कशाची? पाण्याची तर नाहीच. टंचाई हवेची! प्राणवायू हवेत जितक्या वेगानं पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यात पसरतो. तळ्याच्या बुडाचा काळा गाळ उपसला की सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो प्राणवायू संपल्याचाच वास. आणि कमळकाकडी वाढते नेमकी तिथेच. नावात काकडी असली तरी ते फळ नव्हे, मूळही नव्हे. ते गाळात आडवं पसरणारं खोड. त्याला श्वास तर घ्यायलाच हवा. म्हणून ही भोकं. खोडातून देठात, देठातून पानापर्यंत गेलेल्या हवेच्या नळ्याच त्या.

पण नुसत्या नळ्या असून भागत नाही, हवा खाली ढकलणार कोण? अमेरिकेतल्या जॉन डेसी यांनी १९८० च्या सुमारास पिवळ्या वॉटर लिलीत हे शोधून काढलं. कोवळ्या पानाच्या आतली छिद्रं इतकी बारीक असतात की ऊन लागल्यावर हवा आत येते, पण सहजासहजी परत फिरू शकत नाही. दाब वाढतो, हवा देठातून गाळातल्या खोडापर्यंत उतरते आणि म्हाताऱ्या, सैल छिद्रांच्या पानांतून बाहेर पडते. एका पानातून दिवसाला २२ लिटरपर्यंत हवा खाली गेल्याचं त्यांना आढळलं. तळं वरून निवांत दिसतं, आत वारा वाहत असतो! आपल्या कमळातही असा वारा असतो. तिथे पानाच्या मधोमध, देठ जुळतो त्या फिकट ठिपक्यातून हवा बाहेर पडते.

जाता जाता सांगतो, एका बाजूला चीर असलेलं, पाण्यावर टेकलेलं पान दिसलं तर ते कमळ नव्हे, कुमुद. कमळाचं पान पुरतं गोल, देठ मध्यावर, आणि बरीचशी पानं छत्रीसारखी पाण्याच्या वर उभी. मखाणे हेही कमळाचं बी नव्हे. ते बिहारच्या तळ्यांतल्या, पानांवर काटे असणाऱ्या एका वेगळ्याच वनस्पतीचं बी.

आपण अळवावरचं पाणी म्हणतो, तसंच कमळाच्या पानावरचं. थेंब टिकतच नाही. पानावर मेणानं मढलेले सूक्ष्म उंचवटे असतात, थेंब त्यांच्या टोकांवर तोलला जातो आणि घरंगळतो. जमिनीवरच्या बहुतेक झाडांची श्वासाची छिद्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात. कमळाची वरच्या बाजूला. त्यांच्यावर पाणी साचलं तर हवेची वाटच बंद!

जलपर्णीनं दुसरी युक्ती केली. तिच्या देठाचा फुगा दाबून बघा, आत स्पंज आणि हवा. मोकळ्या पाण्यात हे फुगे टपोरे असतात. दाटी झाली की तिचे देठ फुगायचं सोडून लांब, सडसडीत होतात, कारण मग तरंगण्यापेक्षा शेजारणीच्या वर डोकं काढणं महत्त्वाचं. मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्यांना ही दाटी वेगळी सांगायला नको. तिच्या त्या हिरव्या गालिच्याखाली मासे गुदमरतात.

माझी आवडती मात्र व्हॅलिस्नेरिया. माशांच्या टाकीतली ती फितीसारखी लांब पानं. ही अख्खी पाण्याखाली राहते, पानांना श्वासाची छिद्रंच नाहीत. पातळ पान सगळं काही थेट पाण्यातून शोषतं. अडचण येते लग्नाच्या वेळी. परागीभवन तिला पाण्यावरच हवं. मादी फूल लांबलचक, बारीक देठावर पृष्ठभागापर्यंत चढतं. नर फुलं टाचणीच्या डोक्याहून लहान. ती बुडाशी झाडापासून सुटतात, वर येऊन उमलतात आणि होड्यांसारखी भरकटतात. मादी फुलाच्या भाराने पाण्याला छोटा खळगा पडलेला असतो. भरकटत आलेला नर त्यात घसरतो, पराग लागतो. मग तो लांब देठ स्प्रिंगसारखी वेटोळी घालत आखडतो आणि धरू लागलेलं फळ पुन्हा पाण्याखाली ओढून नेतो.