हप्ता किती, हे शेवटी विचारा

(साताऱ्यात बारावीच्या विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आपल्या साताऱ्यात शिक्षणासाठी अंगावरचं सोनं मोडल्याची गोष्ट घरोघर सांगतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्या माउलीला हात जोडूनच सांगतो, तुमच्या घरातलं सोनं गहाण पडण्याआधी थोडं गणित मांडू या.

मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. जावळीतले एक दादा आले होते. मुलाच्या कोर्सच्या फीसाठी त्यांनी एका खासगी कंपनीकडून लाख रुपये घेतले होते. म्हणाले, "साहेब, व्याज धा टक्केच हाय, पण पाच वर्षं म्हैन्याला अडीच हजार भरायचं हाय. मेळच बसंना." मी त्यांच्याच पावतीच्या पाठीमागं आकडे मांडले. कंपनीचा दर फ्लॅट होता. म्हणजे फेडून झालेल्या पैशांवरही व्याज चालूच. बँक उरलेल्या मुद्दलावर व्याज लावते, त्या हिशेबानं १० टक्क्यांना हप्ता २,१२५ रुपयांच्या आसपास बसला असता. दादांचा खरा दर १७ टक्क्यांच्या वर होता. त्यांनी चष्मा पुसला आणि तो कागद पुन्हा वाचला. सही घेताना त्यांना हे कुणीच सांगितलं नव्हतं, याची चीड मला आजही येते.

तुम्ही मात्र सहीआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ (म्हणजे वैयक्तिक, शैक्षणिक अशा) कर्जांना ते द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. मराठीत मागायला लाजू नका. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर दिलेला असतो. दोन बँकांची तुलना करायची तर हाच आकडा शेजारी शेजारी ठेवा, जाहिरातीतला नको.

आता शिकत असतानाचं व्याज. यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण खरी गफलत इथंच होते. समजा, चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला दरवर्षी सव्वा लाख उचलले, दर १० टक्के. कोर्स आणि वर एक वर्ष हप्ता नाही, म्हणून घरात सगळे निवांत. पण व्याज चालूच असतं. सरळ व्याज धरलं तरी पाच वर्षांत १ लाख ७५ हजार साठतात आणि मुद्दलात मिळतात. ५ लाखांचे पावणेसात लाख झाले. दहा वर्षांच्या फेडीत हप्ता ६,६०० ऐवजी ८,९०० च्या पुढे जातो. पहिल्या वर्षी हेच व्याज महिन्याला जेमतेम हजार-अकराशे रुपये असतं. दुधाच्या पगारातून तेवढं भरत गेलात तर पुढचं ओझं हलकं होतं. काही बँका त्याबद्दल दरात सवलतही देतात.

खरं तर कर्जाच्या आधी महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्त्यांचं पोर्टल, बघायला हवं. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि व्यावसायिक कोर्सला सरकारी प्रवेश फेरीतून प्रवेश असेल, तर खुल्या गटातल्या मुलांना राजर्षी शाहू योजनेतून निम्मी शिक्षण फी मिळते. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून ती पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला यातलं काही नाही, हे प्रवेश घेण्याआधीच लक्षात घ्या.

केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या कॉलेजांसाठी तारण आणि जामीनदार लागत नाही. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंत, ३ टक्के व्याजसवलत आहे. आपलं कॉलेज यादीत आहे का, ते स्वतः उघडून पाहा. या योजनेची अधिकृत साइट 'पीएमविद्यालक्ष्मी डॉट को डॉट इन' (pmvidyalaxmi.co.in) ही आहे. "फॉर्म पास करून देतो" म्हणत कुणी पैसे मागितले, तर तिथून उठा.

बरं, ज्यांनी मंजुरीपत्रं आणली आहेत त्यांनी पुढं या. त्या तिसऱ्या रांगेतल्या मावशी, तुमच्यापासून सुरू करू. कागदाचं दुसरं पान काढून ठेवा.